टॅबमध्ये न मावलेला मासा

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत मी देवपूरहून टॅब सुरू करून द्यायला गेलो होतो. तिथे एक आबा दिसले. नाव विचारायचं राहूनच गेलं. नातीला शाळेत पोचवून घरी जायचं, तर ते वर्गाच्या दारातच उकिडवे बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून.

टॅबवर निळा देवमासा पोहत होता. आबांनी पुढे होऊन त्याला बोट लावलं. व्हिडिओ थांबला, तसा त्यांनी दचकून हात मागे घेतला. माशाला लागलं की काय, असं बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, हाऊ खरा कितला मोठा शे?"

"तीस मीटर, आबा."

आकड्याने त्यांचं भागेना. त्यांनी विहिरीचा लांबच लांब दोर आणला, एक टोक मला वर्गाच्या दारात धरायला लावलं, मीटरपट्टी गुरुजींच्या हाती दिली आणि दोर ओढत निघाले. हातपंप मागे पडला, फाटक मागे पडलं, तरी मासा संपेना. शेवटी शेजारच्या कापसात शेपूट टेकलं.

आबा परत आले ते दोरापासून हातभर लांबून, झोपलेल्या जनावराच्या कडेने यावं तसे. टॅबकडे बघत हळूच म्हणाले, "इतला मोठा जीव पानीमा फिरस, आनि आम्हले ठाऊकच नही."

निघताना दोर तसाच जमिनीवर पडून होता आणि माझी मोटारसायकल त्याच्या पलीकडे होती. ओलांडला असता तर दोन पावलांत पोचलो असतो.

मी कापसातून वळसा घालून गेलो.