लादीवरचा ओला आकार

उष्ण रात्रीच्या सरकारी व्याख्येने माझ्या बहिणीच्या सासूबाईंना फसवलं आहे.

मी अकोल्याचा, कूलर विकणारा. मे महिन्यात बहिणीकडे गुहागरला गेलो होतो. सकाळी पाहिलं, तर सासूबाई फडक्याने लादी पुसत होत्या. रात्री त्या उघड्या लादीवर निजल्या होत्या आणि त्यांच्या घामाचा माणसाएवढा आकार तिथे उरला होता.

"आई, रात्र भलतीच गरम होती," मी म्हटलं.

"छे हो पाव्हणे! गरम रात्र तुमच्या अकोल्याला. पेपरात तुमचंच नाव येतं. माझंच आता वय झालं."

सरकारी नियमाने दिवसाचा पारा चाळीस अंशांवर गेला, तरच रात्र उष्ण धरतात. आमच्याकडे दिवसा पारा चाळिशी गाठतो, म्हणून आमची रात्रही उष्ण ठरू शकते. समुद्राकाठी दिवसाचा पारा सहसा तिथवर चढत नाही, म्हणून इथली रात्र हिशेबातच येत नाही. पण आमचा घाम वाळतो, इथला अंगाला चिकटून राहतो. मी हौसेने आणलेल्या कूलरने खोली आणखी दमट केली. शेवटी बहिणीनेच तो बंद केला. कोरडी आणि दमट रात्र मात्र एकाच मापाने मोजतात; कोरडं आणि ओलं मीठ कोणी मला एकाच भावाने विकलं असतं, तर मी बाजार डोक्यावर घेतला असता.

सासूबाईंना दोनदा चक्कर आली, तरी त्या डॉक्टरकडे जात नाहीत. वयाला काय औषध, म्हणतात.

ज्याने ही व्याख्या ठरवली, त्याने एक रात्र या लादीवर झोपावं. सकाळी आपला ओला आकार आपल्या हाताने पुसावा, आणि मग या बाईला तोंडावर सांगावं, दोष कोणाचा ते.