चौथ्या मजल्यावरची वाटी

आमच्या जेसल पार्कातल्या बिल्डिंगला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. बिल्डरने लिफ्टसाठी जागा सोडली होती, तिथे आता मुलांच्या सायकली आणि कुणाचा तरी मोडका कूलर असतो. चौथ्या मजल्यावर आम्ही दोघी समोरासमोर राहतो. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, अंगाने काडी आणि स्वभावाने तिखट. समोर मृणालिनी, म्हणजे आमची मृणाल. ती अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने इतकी गोड की कधीकधी मला तिचा राग येतो. तिच्या वजनावरून कुणी टोमणा मारला तर ती चिडत नाही. आधी स्वतःच हसते आणि मग विचारते, "चहा टाकू?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

परळच्या चाळीतून ती आणि तिचे मिस्टर दत्ताराम इथे राहायला आले तेव्हा त्यांचा नीरज नुकता शाळेत जायला लागला होता. आता तो चांगल्या नोकरीत आहे आणि बायको अनुष्काबरोबर मीरा रोडच्या एका उंच टॉवरमध्ये राहतो. दत्ताराम जाऊन काही वर्षं झाली. मृणाल एकटी राहते असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात तिच्या दाराची बेल दिवसभर वाजत असते आणि त्यापायी मला दुपारची झोप मिळत नाही.

ही बेल वाजते ती वाट्यांमुळे. तळमजल्यावरची सत्यवती इथल्याच जुन्या कोळ्यांपैकी, तिच्याकडून कधी जवळा येतो तर कधी कालवण. पहिल्या मजल्यावरच्या मंजुलाबेनकडून ढोकळा नाहीतर हांडवो. तिसऱ्या मजल्यावरची ममता बिहारची, तिच्याकडून तळलेला गोड ठेकुआ. मंजुलाबेनच्या वाटीला मासळीचा वास लागू नये म्हणून मृणालने वाट्या ठेवायला दोन वेगळ्या फळ्या केल्या आहेत आणि त्यात तिची एकदाही चूक झालेली नाही. आता, शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. मृणालने तो असा काही पाळला की तिच्याकडून परत जाणारी वाटी आलेल्या वाटीपेक्षा नेहमी जड असायची.

मे महिन्यात घोडं अडलं. भाजीची पिशवी घेऊन वर येताना मृणाल दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली ती उठेचना. गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि धापही लागली होती. ममताचा नवरा आणि मंजुलाबेनचे मिस्टर चंदनभाई यांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. ती दोघांची माफी मागत होती आणि ते दोघे घाम पुसत 'कुछ नहीं, कुछ नहीं' म्हणत होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गुडघे अजून कामातून गेलेले नाहीत, पण वजन उतरलं नाही तर जातील.

नीरज धावत आला. "लिफ्ट नाहीये इथे, आई. उद्या काही झालं तर तुला खाली कसं न्यायचं?" तो म्हणाला. हा फ्लॅट विकायचा आणि आईने आपल्याकडे यायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. मुलगा चांगला आहे. त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, भीती होती. एरवी त्याच्या कुठल्याही गोष्टीला मान डोलावणारी मृणाल त्या दिवशी मात्र ठाम नको म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं. मागे ती त्याच्याकडे आठवडाभर राहून आली होती. तिथे तिने हौसेने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या आणि समोरच्या फ्लॅटमध्ये डबा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा वॉचमनच्या हाती परत आला, लख्ख घासलेला आणि रिकामा. हे मला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मायलेकांची जुंपली तेव्हा मी मध्ये पडले. बऱ्याच वादावादीनंतर असं ठरलं, की दिवाळीच्या पाडव्याला मृणालने खालपासून चौथ्या मजल्यापर्यंत मध्ये कुठेही न थांबता चढून दाखवायचं. जमलं, तर घर विकायचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर घराची चावी एजंटकडे. आईला हे जमणार नाही असं नीरजला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

अनुष्काने डाएटचा तक्ता पाठवला. त्यात क्विनोआ आणि ॲव्होकॅडो होतं. आमच्या भाजीवाल्याला ॲव्होकॅडो विचारलं तर तो म्हणाला, सीझन नाही. मला वाटतं त्याने ते फळ जन्मात पाहिलं नसावं. मी तक्त्याला आपल्या वळणावर आणलं. क्विनोआच्या जागी नाचणीची भाकरी, ॲव्होकॅडोच्या जागी काकडी, बाकी वरण, पालेभाजी आणि बिनसाखरेचा चहा. तो चहा पहिल्यांदा पिताना मृणालने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यात काहीतरी कालवलंय.

सकाळी खाडीच्या कडेने चालायला जाऊ लागलो. पांढरे बूट घालायची तिला लाज वाटायची, म्हणायची, शाळेत निघाल्यासारखं वाटतं. तिथेही तिची माणसं निघाली. बाकावरचे आजोबा, कुत्र्याला फिरवणारी मुलगी, नारळपाणीवाला. मी तरातरा पुढे जायचे आणि मागे वळून पाहावं तर ही कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करत उभी. मग मी ओरडायचे आणि ती 'आले, आले' म्हणत तिथेच उभी राहायची.

इतकं करूनही काटा जागचा हलेना. श्रावण सरत आला तेव्हा तर तो थोडा पुढेच सरकला. मृणाल रडवेली झाली. आधी मला वजनकाट्याचाच संशय आला, म्हणून मी स्वतः त्यावर उभी राहिले. काटा बरोबर होता. मग मी एक दिवस तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले.

जेवणात ती तक्त्याच्या बाहेर एक घासही गेली नाही. दुपारी मंजुलाबेनकडून हांडवो आला. तो तिने ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. मग ती वाटी परत करायची म्हणून शिरा करायला घेतला. रवा नीट भाजला गेला का म्हणून एक चमचा, साखर बरोबर पडली का म्हणून दुसरा, आणि वाटी भरून झाल्यावर कढईला लागलेलं खरवडून. संध्याकाळी ममताची वाटी आली आणि पुन्हा हाच सोहळा. मी विचारलं, हे काय चाललंय? तिला माझा प्रश्नच कळेना.

"हे कुठे जेवण आहे? ही तर वाटी आहे," ती म्हणाली. "चव न घेता तिला छान झालं होतं असं कसं सांगू? खोटं बोलू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे एकेक वाटी दोनदा पोटात जात होती, एकदा येताना आणि एकदा जाताना, आणि ही बाई ते खाण्यात धरतच नव्हती. तिच्या लेखी खाणं म्हणजे ताट वाढून, बसून केलेलं. मी त्याच पावली खाली उतरले आणि दारोदार सांगून आले, की दिवाळीपर्यंत चौथ्या मजल्यावर वाटी पाठवायची नाही. सांगण्याची माझी पद्धत काही फार गोड नसते. मंजुलाबेनचं तोंड एवढंसं झालं. सत्यवतीने वाद घालून पाहिला, "वाटीभर कालवणानं काय व्हतंय?" पण मृणालने इथून जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटत होतं, त्यामुळे ऐकलं सगळ्यांनी.

काटा उतरू लागला. बेल वाजायची थांबली. दुपारी झोपायला आता मला कुणाची आडकाठी नव्हती, पण झोप येईना. समोरच्या घरात भांड्यांचा आवाजही होत नव्हता. खाडीवर चालताना मृणाल कुणाशी बोलायला थांबत नव्हती, मला ओरडावं लागत नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. एक दिवस मूग निवडता निवडता ती शांतपणे म्हणाली, "मी नीरजकडेच जाते गं. बेल तिथेही वाजत नाही, पण निदान लिफ्ट तरी आहे."

घरी येऊन मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

उपाय मला सुचला नाही, तिलाच सुचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराचा आवाज झाला म्हणून मी डोकावले. मृणाल मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर एका वाटीत घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी उतरत ममताकडे निघाली होती. म्हणाली, "वाट्या बंद करायच्या नाहीत. पण नेणारही मी आणि आणणारही मी. वर कुणी चढायचं नाही." तळलेलं आणि गोड पाठवायचं नाही, हेही तिने प्रत्येकाला स्वतः सांगितलं. तिच्या तोंडून ते कुणाला लागलं नाही.

सुरुवातीला ती फक्त ममताच्या दारापर्यंत जायची आणि परत येऊन सोफ्यावर कोसळायची. गणपती गेल्यावर मंजुलाबेनपर्यंत मजल गेली, नवरात्रात थेट सत्यवतीपर्यंत. येताना ती मजल्यामजल्यावर थांबायची, दम खायची आणि तेवढ्यात बोलून घ्यायची. खालच्या बायकाही नेटाने कामाला लागल्या. मंजुलाबेनने मुठिये नुसते वाफवले, वर फोडणीसुद्धा घातली नाही, आणि पाहुण्याला शिळं वाढल्यासारखी ओशाळून गेली. ममता सत्तू, म्हणजे फुटाण्याचं पीठ, ताकात घोळून द्यायला लागली. सत्यवतीने पापलेट दिलं ते तर इकडेतिकडे बघत, हळू आवाजात. "नुसता वाफवलाय गो, तेल न्हाय त्यात. कुनाला सांगू नको."

खरे हाल झाले ते चंदनभाईंचे. चौथ्या मजल्यावरून येणाऱ्या बेसनाच्या लाडवांवर त्या माणसाची भिस्त होती, आणि आता येत होती काकडीची कोशिंबीर. ते ती मुकाट्याने खात. पुढे त्यांच्या पँटी कमरेत सैल झाल्या आणि मंजुलाबेन ते बिल्डिंगभर सांगत सुटली. दसऱ्याला मृणालचा तोल एकदा गेला. श्रीखंडाचा डबा तिने एकटीने रिकामा केला, मग स्वतःच येऊन कबूल झाली आणि त्या संध्याकाळी मला ओढत खाडीवर घेऊन गेली. दिवाळीच्या तोंडावर तिचे सगळे ब्लाउज घट्ट करून घ्यावे लागले. शिंप्याने विचारलं, आजारी होता का? ती दिवसभर हे आठवून हसत होती.

पाडवा उजाडला. नीरज आणि अनुष्का आले. नीरज चौथ्या मजल्यावर माझ्या शेजारी उभा राहिला, अनुष्का सासूबरोबर खाली गेली. आता आमच्या बिल्डिंगमध्ये पाडव्याला काय असतं ते सांगायला हवं. सगळी दारं सताड उघडी असतात आणि ज्याच्या त्याच्या हातात फराळाचं ताट असतं. ही गोष्ट पैज लावताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

मृणाल चढू लागली. आम्ही कठड्यावरून वाकून ऐकत होतो. सत्यवतीने हाक मारली, उत्तर आलं नाही. पहिल्या मजल्यावर मंजुलाबेन 'साल मुबारक' म्हणाली, तरी पावलं थांबली नाहीत. दुसरा मजला गेला. तिसऱ्यावर ममता ताट पुढे करत 'आंटी, आंटी' म्हणाली आणि मृणाल मान खाली घालून तिच्यासमोरून निघून आली. वर पोचली तेव्हा तिचा श्वास जोरात चालला होता, पण ती दोन पायांवर ताठ उभी होती. माझा जीव भांड्यात पडला. नीरजने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "जिंकलीस, आई. विषय संपला."

मृणालच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. तिने हात सोडवून घेतले आणि वळून पुन्हा जिना उतरायला लागली. नीरजने घाबरून विचारलं, कुठे चाललीस? "सणाच्या दिवशी सगळ्यांकडे पाठ फिरवून आलेय," ती न थांबता म्हणाली. "काय वाटलं असेल त्यांना?"

मग बराच वेळ खालून नुसते आवाज येत राहिले. मृणालचं एकेकीची समजूत घालणं, मंजुलाबेनचं लटकं रागावणं, सत्यवतीचं हसणं, चंदनभाईंनी चकली खाऊ की नको म्हणून मृणालला विचारणं. अनुष्काचाही आवाज त्यात मिसळला. नीरज कठड्यावरून वाकून ऐकत होता. दोघी सासूसुना वर आल्या तेव्हा दोघींच्या हातांत ताटं होती आणि मृणालचं हसणं परत जागेवर आलं होतं.

"या वेळेला तू प्रत्येक मजल्यावर थांबलीस," नीरज म्हणाला. तो चिडवत होता.

"हो," मृणाल म्हणाली. "त्यासाठीच तर मला इथे राहायचंय."

नीरजने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.