आठ बिऱ्हाडांची चाळ

नोकरीत खून-दरोडेही पाहिले, पण आंबिवलीची ती चाळ आजही आठवते. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी एका सरळ माणसाची आयुष्यभराची पुंजी जाता जाता राहिली.

तेव्हा मी कल्याणला पोलीस निरीक्षक होतो. सभांना माणसं पुरवणारा एक ठेकेदार आमचा खबऱ्या होता. एका सकाळी तो तणतणत आला.

"साहेब, माझी माणसं एक दलाल पळवतोय. सभा नाय, मोर्चा नाय, नुसतं खोलीत बसायचं. कोणी विचारलं तर भाडेकरू म्हणायचं. आज पण आंबिवलीच्या एका चाळीत बोलावलंय."

खबऱ्याला न्यायाची चाड असते असं कुणी समजू नये. त्याच्या पोटावर पाय आला होता, म्हणून तो बोलला. स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन साध्या वेशात निघालो.

चाळ दुमजली, नुकताच रंग दिलेली. खाली दलाल आणि त्याचं गिऱ्हाईक उभं होतं. गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याच्या कोपरीत राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रेशन होतं, म्हणून शेवटची नजर टाकायला आले होते. मी ओळख देऊन त्यांना बाजूला घेतलं. भाड्याच्या व्यवहारातलं त्यांचं हे पहिलंच पाऊल, पण आत्मविश्वास दांडगा.

"अहो, एक फ्लॅट घेतला आणि भाडेकरू गेला की उत्पन्न बंद. इथे आठ बिऱ्हाडं आहेत. एक गेलं तरी सात राहतात."

"सगळ्यांना भेटलात?"

"आठही घरांत जाऊन आलो. मालकाबद्दल एकाचीही तक्रार नाही!"

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मालकाबद्दल तक्रार नसलेला भाडेकरू मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता, आणि इथे एकदम आठ!

प्रत्येक खोलीत आम्ही वेगळी चौकशी केली. भाडं किती, मालक कसा, सगळ्यांची उत्तरं तोंडपाठ. मग मी विचारलं, "नळाला पाणी कधी येतं?" पहिला म्हणाला पहाटे. शेजारच्या खोलीतली बाई म्हणाली संध्याकाळी. वरच्या मजल्यावरचा एक जण बेधडक म्हणाला, "चोवीस तास असतं ना, साहेब." माझा हवालदार आंबिवलीचाच. त्याला हसू आवरेना.

पोलीस ठाण्यात दलालाने बराच वेळ आवाज चढवून पाहिला. "पेपर क्लिअर आहेत, साहेब. उगाच माझी पार्टी तोडताय." मी त्याला आठही जणांचे जबाब एकामागून एक वाचून दाखवले. पाण्यापाशी आल्यावर त्याने पैसे देऊन माणसं बसवल्याचं कबूल केलं. पालिकेने अनधिकृत ठरवून कधीच रिकामी करवलेली ती इमारत होती, आणि मालकीचे कागद बनावट होते. गुन्हा दाखल झाला. इसाऱ्याची रक्कम दलालाने उडवली होती, पण गृहस्थांचा बाकीचा फंड वाचला.

जबाब द्यायला ते आले तेव्हा बाकावर ती शेजारच्या खोलीतली बाई बसली होती. तिला आम्ही साक्षीदार केलं होतं. तिच्यासमोर ते थांबले.

"तुम्ही मला बसवून घेतलंत, चहा दिलात. अशी माणसं आहेत या चाळीत, असं मनात आलं आणि मी तिथल्या तिथे इसारा दिला."

बाईने मान वर केली नाही. "चहाचं मला कोणी सांगितलं नव्हतं, काका. तुम्ही उन्हातून आलेलात, म्हणून केला."

ते तिच्या शेजारी बाकावर बसले. मला गलबलून आलं, पण खाकी वर्दीत ते दाखवता येत नाही.

अजूनही कुणी भाड्याची इमारत घ्यायची म्हणून माझा सल्ला विचारतं. मी सांगतो, आधी पालिकेत जाऊन या, नळ उघडून पाहा, भाडेकरूंना भाडं सोडून बाकी सगळं विचारा. पण कुणी आपुलकीने चहा पुढे केला तर घेऊ नका, हे मला आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.