ठिपका बसलाय की पडलाय?

चार माणसांच्या कंपनीत किस्से फार लवकर साठतात. त्यात आमचं काम असं, की घरातली फक्त उष्णता बघून माणूस काय करतोय ते ओळखायचं. चेहरा नाही, कपडे नाहीत. स्क्रीनवर नुसता तांबडा-पिवळा ठिपका. तो चालतोय, झोपलाय की पडलाय, हे आमच्या कॅमेऱ्याने सांगायचं.

*

कुरुळीच्या आमच्या कंपनीच्या गाळ्यात महेश गादीवर पडून दाखवायचा आणि त्यावरून मशीन शिकायचं. एकदा चहा आणताना मी खरोखर घसरलो. मशीन गप्प! रेकॉर्डिंग पाहिल्यावर कळलं, गादी जागेवर आहे ना हे महेश दर वेळी मागे वळून बघायचा, मगच पडायचा. मशीनला वाटलं, पडणारा माणूस आधी मागे बघतोच!

"चूक तुमची, भाऊ," महेश म्हणाला. "न बघता कशाला पडलात?"

*

पहिला कॅमेरा निगडीत लागला, एकट्या राहणाऱ्या इंदूमावशींकडे. मुलगा सतीश बेंगळुरूला. त्याने बजावलं होतं, "आई एकदा जरी पडली, तरी मी तिला इकडे घेऊन येणार." मावशींना घर सोडायचं नव्हतं. कॅमेरा बसवताना त्यांनी मला विचारलं, "हा माझ्या चुगल्या करणार का रे?"

*

पहिल्याच सकाळी मशीनने सतीशच्या मोबाइलवर कळवलं, स्वयंपाकघरात दोन माणसं. एक उभं, एक बसलेलं.

सतीशचा लगेच फोन. "आई, कोण आलंय?"

"कुकर आलाय! वरण शिजलं की जाईल."

*

एका दुपारी मावशी झोपून उठल्या आणि शेजारी गेल्या. गादीत त्यांची ऊब तशीच राहिली. सतीशला मोबाइलवर आईचा आकार दिसत होता. हलत नव्हता आणि हळूहळू फिका होत होता. त्याने रडवेल्या आवाजात आम्हाला फोन केला. महेश बाइक काढून निगडीला धावला, तर मावशी जिन्यातच भेटल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग काय, उठल्यावर गादीवर पाणी मारू?"

*

सतीश मात्र घाबरला तो घाबरलाच. आईला न्यायला स्वतः आला. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या वेळी आमच्या स्क्रीनवर इशारा: स्वयंपाकघरात माणूस जमिनीवर, उठायला बघतंय, उठता येत नाही.

मी लगेच फोन लावला. मावशींनीच उचलला.

"मावशी, पडलात?"

"मी कशाला पडू? सतीश जेवायला खाली बसला होता. तिकडे टेबलाची सवय ना, आता उठता येईना. थांब हं, त्याला जरा हात देते."