अण्णांचं बोलणं वाचताना

माझा लॅपटॉप अकरा इंची, स्वस्तातला. काळं प्लास्टिक, झाकणाच्या बिजागरीला चीर. माजलगावातल्या शिकवण्यांना प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचं काम मी घरून करते, तेवढ्यापुरता घेतला होता. एका वेळी एकच गोष्ट उघडली तर तो नीट चालतो, दोन उघडल्या की अडून बसतो. मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्याच्या धान्यबाजारात एका अडत दुकानावर होते. सोयाबीन, तूर, हरभरा, जो माल येईल त्याची बोली पुकारायचं काम त्यांचं. ढिगाभोवती व्यापारी जमले की अण्णांचा आवाज रस्त्यापलीकडच्या बारदान्याच्या दुकानात ऐकू जायचा. घरातही त्यांना हळू बोलता यायचं नाही. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं.

मग तो आवाज बसला. आधी हळदीचं दूध, खडीसाखर झाली. शेवटी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक राहिलं, श्वास त्यातून. मानेतल्या गाठी काढताना उजवा खांदा अधू झाला, त्यामुळे लिहायला हात उचलेना. पाटी आणली होती, ती कोरीच राहिली. मोबाइलवर त्यांच्या बोटाखाली दोन-दोन अक्षरं दाबली जायची. म्हणून मी त्यांच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर लॅपटॉप ठेवला आणि कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले.

डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. "पंखा कमी कर." मी उठून पंखा कमी केला.

अडचण आईची होती. ती दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. म्हणून मी इंटरनेटवरून लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज लावून दिला. अण्णांनी टाइप केलं आणि लॅपटॉपमधून एक बाई स्वच्छ शहरी सुरात म्हणाली, "आगं, च्या टाक."

आई स्वयंपाकघरातून दारात आली. "कोण आलंय?"

"कुणी नाही. अण्णाच म्हणाले."

"ही बाई कोण?"

"मशीन हाय आई. अण्णा लिहितात ते ती वाचते."

आईनं चहा केला. कप पुढे ठेवताना अण्णांना म्हणाली, "दुसऱ्या बाईच्या तोंडून मला काई सांगू नका. पोरगी हाय की घरात."

अण्णांचे खांदे हलले. हसले की खोकला आला, ते मला कळलं नाही. दोन्ही आता सारखंच दिसायचं. त्यांनी मला हातानं खूण केली, बंद कर.

तेव्हापासून मी वाचायला लागले. सुरुवातीला "अण्णा म्हणतात की" असं लावायचे. मग ते गळालं. मी खाटेमागे उभी राहायचे आणि पडद्यावर येईल ते जसंच्या तसं म्हणायचे. "माझा पांढरा सदरा कुठंय." "तू जेवलीस का." आई उत्तर द्यायची, पण माझ्याकडे बघून. हळूहळू ती मला "तुमी" म्हणायला लागली. तिला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

एकदा मामा भेटायला आला. आईनं त्याला अण्णांच्या गळ्याचा रुमाल बाजूला करून दाखवला. मामा गेल्यावर अण्णांनी कळा जोरात दाबल्या. मी वाचलं, "तुला अक्कल न्हाई. समद्या गावाला गळा दाखवीत बसू का."

आईचे डोळे भरले. "मी काय वाईट केलं वो?" ती मला म्हणाली.

माझ्या तोंडून आईला असा शब्द कधी गेला नव्हता. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी पुढच्या ओळीची वाट बघत होते. अण्णांचं बोट एक अक्षर शोधत होतं.

पुढे मानेला पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी परत दाखल व्हायला सांगितलं. निघायच्या सकाळी आई पिशवी भरत होती. अण्णा बराच वेळ टाइप करत होते. प्रश्नपत्रिका तपासताना ज्या सुरात वाचते, त्याच सुरात मी वाचलं, "पिशवी भरू नकू. मी दवाखान्यात येत न्हाई. मला घरीच राहू दे."

आईच्या हातात टॉवेल होता. "असं कावून म्हणता?"

"थकलो," मी वाचलं.

ती जवळ आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "मग माझं कसं?"

अण्णा हाताच्या अंतरावर बसले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पडदा तसाच होता.

"आई, ते काही लिहीत नाहीत," मी म्हणाले.

अण्णांनी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि खाटेच्या कडेवर हात ठेवला. आई माझं मनगट सोडून तिथं जाऊन बसली. मी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत गेले. रसायनशास्त्राचा एक पेपर राहिला होता, तो टाइप केला.

अण्णांना आम्ही कुठं नेलं नाही. दुखणं कमी करायची औषधं घरीच चालू ठेवली. त्यानंतर त्यांना लॅपटॉप फारसा लागला नाही. त्यांचे ओठ हलले की आईला कळायला लागलं होतं. काही वेळा चुकीचं कळायचं, पण अण्णा ते चालवून घ्यायचे. एका सकाळी आई त्यांना चमच्यानं चहा पाजत होती, तेव्हा ते गेले.

घर माणसांनी भरलं. मी पाणी भरलं, सतरंज्या टाकल्या, फोन केले. माझी आत्या म्हणाली, "त्यांचं लिहिलेलं असंल की तुझ्याकडं. जपून ठेव."

काहीच नव्हतं. लॅपटॉपमध्ये जागा नसायची. रोज संध्याकाळी बंद करताना हे ठेवायचं का असं तो विचारायचा, मी नाही दाबायचे.

सुतक फिटल्यावर आई म्हणाली, लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन येऊ. आम्ही एसटीनं गेलो, दर्शन घेतलं, बाहेर बसून डब्यातली भाकरी खाल्ली. परतताना ती खिडकीशी बसली.

"तू रडली न्हाईस अजून," ती म्हणाली.

"न्हाई."

"यील रडू," ती म्हणाली आणि बाहेर उसानं भरलेल्या ट्रॅक्टरांकडे बघत राहिली. मी तिच्या मांडीवरचा रिकामा डबा माझ्याकडे घेतला.