प्रोसेसर घ्यायला आप्पांना नेलं

मंडळी, घरच्या कम्प्युटरसाठी प्रोसेसर घ्यायला आज दौंडहून शिरूरला गेले होते. मी लग्नपत्रिका बनवते, तेवढंच काम. तरी दुकानदारानं चार कोअरचा दाखवला आणि मी हुरळले.

सोबत माझे वडील होते, रेल्वेचे रिटायर ड्रायव्हर. त्यांना पटवायला मीच म्हटलं, "आप्पा, चार कोअर म्हंजी एका गाडीला चार इंजिनं!"

आप्पा म्हणाले, "जादा इंजिन घाटात लावत्यात. तुझ्या पत्रिकंत घाट कुठं हाय?"

राग आला, पण दोन कोअरचाच घेतला आणि वाचलेल्या पैशांत रॅम वाढवली. संध्याकाळी जोडून पाहिलं, पत्रिका झटपट उघडतायत.

आता खरं सांगा, तुमच्यातले किती जण सपाटीवर चार इंजिनं लावून बसलेत?