गंगाधरच्या मापाचा शॉवर

गंगाधर गेला त्याला आता महिना होत आला. सेलूत त्याची शोकसभा झाली तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे हात करून म्हणाला, "नामांतराच्या वेळी गंगाधर सरांचं गावाकडचं घर जाळलं, तेव्हा या सरांनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्यासाठी घरातला बंब काढून गिझर आणि शॉवर बसवला." लोकांनी कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली, तो त्यांना विनय वाटला असावा. समोर बसलेल्या वहिनींनी, गंगाधरच्या पत्नीनं, मात्र माझ्याकडं पाहिलं नाही. सभेत मी गप्प बसलो, म्हणून इथं लिहितो आहे. बंब मी काढला हे खरं. पण तो गंगाधरसाठी काढला नव्हता.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. तो विज्ञान, मी मराठी. तो बौद्ध, आमचं घर शेतकऱ्याचं, पण शाळेत आमचा डबा एकच असायचा. देवगाव फाट्याच्या पलीकडं त्याचं गाव. घर जळाल्यावर वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेल्या आणि मी त्याला आमच्या बाहेरच्या खोलीत आणलं. माझ्या मायनं हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बंबाच्या तोटीतून बादलीभर गरम पाणी काढलं आणि तेवढंच गार पाणी वरून बंबात ओतलं. बंब असलेल्या प्रत्येक घरात हीच रीत, मागच्या माणसाला पाणी उरावं म्हणून. मायनं ते पाहिलं. आम्ही शाळेत गेल्यावर तिनं सगळा बंब मोरीत रिकामा केला आणि चिंचेनं घासला. संध्याकाळी गंगाधर बंबाच्या लखलखीत तांब्याकडं बघत म्हणाला, "मायनं बंब लय उजळलाय. दिवाळी आली का काय, दत्तोबा?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, "तू ओतू नको, मी ओततो." त्या दिवसापासून तो बाहेरच्या नळावर गार पाण्यानं आंघोळ करायला लागला... पावसाळी गारठ्याचे दिवस होते. मला मायला बोलता आलं असतं. त्याऐवजी मी गिझर आणायचं ठरवलं. पाणी नळीतून येईल, कुणाला काही ओतावं लागणार नाही, मायलाही नाही म्हणता येणार नाही. आपण फार हुशारीनं मार्ग काढला असं मला वाटत होतं.

गंगाधरला मी मायच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. त्याला ते पटलं आणि तो कामालाच लागला. नवी न्हाणी कशी हवी, गिझर किती उंच, उतार कुठं, सगळं त्यानंच ठरवलं. मायला पाटावर नाही, स्टुलावर बसवून त्यानं तिच्या डोक्यावर हातभर अंतर सोडलं आणि भिंतीवर खडूनं शॉवरची खूण करायला घेतली.

"बसून आंघोळ करायची, माय. वाकायचं न्हाई, धूर न्हाई. येलदरी धरणाची वीज तुमच्यासाठी पाणी तापवायलीय."

माय हसली. आणि मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "यात कुणाला वरून पाणी ओतावं लागतंय का?"

"न्हाई माय," मी म्हणालो. "बंद असतंय ते."

"मग लाव."

गंगाधर भिंतीकडं तोंड करून उभा होता. खूण अर्धी झाली होती, ती त्यानं पूर्ण केली. खडू कोनाड्यात ठेवला. बाहेरच्या नळावर हात धुतले.

त्याच आठवड्यात त्यानं बौद्धवस्तीत खोली घेतली. "मुलांना आणायचंय," एवढंच म्हणाला. शॉवर त्याच्या खुणेवरच बसला. पुढं पंधरा-सोळा वर्षांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला होता. माय तेव्हा हयात नव्हती. रस्त्याच्या धुळीनं त्याचं तोंड माखलं होतं. मी म्हणालो, "आत जाऊन तोंड धू." तो म्हणाला, "नळ हाय की बाहेर." मी पेढा तोंडात टाकला आणि विषय बदलला.

गिझर दोनदा बदलला, शॉवर तिथंच आहे. उभ्या माणसाला तो फार खाली पडतो, म्हणून इतकी वर्षं मी त्याच्याखाली वाकत आलो. आता गुडघे गेले. मुलानं न्हाणीत स्टूल आणून ठेवलं आहे. त्यावर बसलं की पाणी नीट डोक्यावर येतं, हातभर अंतरावरून. त्याचं माप कुठंच चुकलेलं नाही.